बिल कोणाच्या नावाचं? नव्या गाडीबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात नव्या गाडीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रं, व्हॉट्सॅप, ईमेल मिळून एवढे प्रश्न आले की निम्मे बाजूला ठेवावे लागले. बहुतेकांचा सूर एकच, ऑनलाइन ब्रोकर स्वस्त देतोय, शोरूमवाला महाग सांगतोय, आम्ही काय करू? नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं देतेय.

प्रश्न : आमची आंब्याची बाग आहे. यंदा दोन पैसे हातात राहिले म्हणून छोटी पेट्रोल गाडी घ्यायचं ठरवलंय, एक्स-शोरूम ९ लाखांची. इथल्या शोरूमचं कोटेशन घेतलं. पण मुंबईचो भाचो म्हणता, "मामा, तू कित्याक शोरूमात जातंस, हयसर बस आणि मोबाईलार बघ." त्याने एक ऑनलाइन ब्रोकर शोधलाय, तो तीच गाडी ४८ हजारांनी कमी देतो म्हणतोय, बुकिंगचे ११ हजार मात्र त्याच्या खात्यात टाकायचे. दोन्ही कोटेशनचे फोटो पाठवलेत. घेऊ का? (देवगड)

काका, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "एवढ्याने स्वस्त" असं लिहितात आणि त्यावर काय बोलायचं तेच कळत नाही.

आधी हे बघा की ब्रोकरकडे गाडी नसते. नवीन गाडी विकायला आणि तिची नोंदणी करून द्यायला आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं आणि ते कंपनीने नेमलेल्या डीलरकडे असतं, नोंदणीला जो फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला लागतो तो पण डीलरच देतो, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, तो कंपनीकडून येतो. म्हणजे ब्रोकर कितीही गोड बोलला तरी शेवटी गाडी कुठल्यातरी शोरूममधूनच निघणार, कदाचित पनवेलच्या, कदाचित कोल्हापूरच्या, कदाचित तुमच्या शेजारच्याच, आणि ब्रोकरला त्या डीलरकडून गाडीमागे कमिशन नाहीतर लोनच्या बँकेकडून पैसे मिळणार. त्यात चुकीचं काही नाही, दलाल आपल्याला आंब्याच्या धंद्यात नवीन आहे का. पण तो "आमची सेवा फुकट आहे" म्हणाला की समजायचं, पैसे आपल्याच गाडीतून कुठूनतरी निघतायत.

मोठ्या वेबसाइट आहेत, कारवाले, कारदेखो वगैरे, त्यांचं नव्या गाडीबाबतचं मुख्य काम म्हणजे किंमती दाखवणं आणि तुमचा नंबर डीलरकडे पोचवणं. किंमत बघायला उत्तमच. फक्त जुनी पानं, जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना आता १८ टक्के आहे, आधी २८ आणि वर सेस होता. त्याच्या आधीची किंमत आता काही कामाची नाही.

आता तुमचे ४८ हजार. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघितली. रोड टॅक्स दोन्हीकडे सारखाच आहे, आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ९९ हजार, तिथे कोणी कमी करूच शकत नाही. फरक आहे तो असा. इन्शुरन्समध्ये १७ हजारांचा, पण शोरूमवाल्याने झिरो डेप (पार्टचे पैसे घसारा न कापता देणारं कव्हर) आणि इंजिन कव्हर धरलंय आणि ब्रोकरने साधी पॉलिसी धरून वर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, पण खाली खेचलीय. ॲक्सेसरीजचा फरक १४ हजार, ब्रोकरच्या कागदावर त्या नाहीतच, आणि शोरूमला पण तुम्ही "नको" म्हणू शकता, मडफ्लॅप आणि सीट कव्हर बाजारात मिळतात. हँडलिंग चार्जेस ६ हजार, हे तर दोन्हीकडे द्यायचे नाहीत, गाडी गोडाऊनमधून शोरूमला आणायचा खर्च आपला नाही, काढून टाका म्हणून ठाम सांगा, काढतात. उरले ११ हजार, ते ब्रोकरने "कॉर्पोरेट डिस्काउंट" म्हणून लावलेत. तो कंपन्यांनी ठरवलेल्या यादीतल्या नोकरदारांना असतो, ओळखपत्र लागतं, तुम्ही बागायतदार, तुम्हाला तो लागू कसा होणार? तो म्हणेल मी करतो ॲडजस्ट, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी आयडी लावणार, आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी फोन येणार की काका, तो डिस्काउंट रिजेक्ट झाला, तेवढे भरा. १७ आणि १४ आणि ६ आणि ११, झाले ४८.

म्हणजे ब्रोकर सगळे लबाड असतात असं मी म्हणत नाही हां. खरा फरक पडतो कधी कधी. मोठ्या शहरातल्या डीलरकडे स्टॉक जास्त, महिनाअखेरीचं टार्गेट असतं, एखादं मॉडेल खपत नसतं, अशा वेळी तिथे खरोखर जास्त सोडतात आणि ते आपल्याला इथे बसून कळत नाही, ब्रोकरला कळतं. पण बऱ्याचदा ती गाडी आदल्या वर्षी तयार झालेली असते. म्हणून बुकिंगच्या आधीच विचारा, मॅन्युफॅक्चरिंगचा महिना आणि वर्ष काय, कारण ते पुढे आरसीवर छापून येतं आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तेच बघतं. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या जूनची असेल तर तिला चांगली सूट मिळायलाच हवी, ती सूट म्हणजे काय ब्रोकरचा पराक्रम नव्हे.

११ हजारांचं उत्तर सरळ आहे : ब्रोकरच्या खात्यात एक रुपया टाकायचा नाही. बुकिंगचे असोत की पूर्ण गाडीचे, पैसे ज्या डीलरचं बिल होणार त्याच्या कंपनीच्या नावाच्या खात्यात, चेकने किंवा आरटीजीएसने, पावती त्याच नावाची. ब्रोकरला विचारा, "गाडी कुठल्या डीलरकडून देणार?" नाव सांगायला का-कू केली तर तिथेच विषय संपवा. नाव सांगितलं तर गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्या डीलरचा नंबर काढून (ब्रोकरने दिलेला नंबर नाही) स्वतः फोन करा. रोख पण देऊ नका, एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे चांगला डीलर तसेही घेणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर ब्रोकरचा कागद घेऊन इथल्याच शोरूमला गेले असते, हँडलिंग आणि ॲक्सेसरीज काढायला लावल्या असत्या, इन्शुरन्सचं बाहेरचं कोटेशन दाखवलं असतं आणि इथेच घेतली असती. वॉरंटी कंपनीची असते, देशात कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते, त्यामुळे "आमच्याकडून नाही घेतली तर सर्व्हिस देणार नाही" असं कोणी म्हणालं तर घाबरायचं कारण नाही. पण तरीसुद्धा, पावसात गाडी बंद पडली की कोणाला फोन करायचा, तो माणूस ओळखीचा असला तर बरं पडतं हे गावात राहणाऱ्याला मी काय सांगणार.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो, त्याने शोरूमला पाय न लावता वेबसाइटवरून किंमत ठरवून गाडी घेतली. मग आपल्याकडेच ही कटकट का? (अलिबाग)

तिकडे पण गाडी डीलरच देतो ताई, मुलाला विचारून बघा, किल्ली कोणाकडून मिळाली. तिथे बऱ्याच राज्यांत कायदाच असा आहे की कंपनीने फ्रँचाइझ डीलरला डावलून थेट विकायचं नाही, म्हणून मग मधे ट्रूकारसारख्या किंमत दाखवणाऱ्या साइट आल्या, ती २००५ सालची आहे, कॉस्टकोसारख्या दुकानांचे सभासदांसाठीचे कार प्रोग्राम आले, आणि ठरलेली किंमत घेऊन माणूस डीलरकडे जातो. कॅलिफोर्नियात तर ब्रोकरी करायची तर आधी डीलरचंच लायसन्स लागतं. आणि एक महत्त्वाचं, तिथे १९५८ च्या कायद्यापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किंमतीचं लेबल लावावंच लागतं, मूळ किंमत किती, कुठल्या फिटिंगचे किती, सगळं. आपल्याकडे शोरूमच्या काचेवर काय असतं? "सर्वोत्तम ऑफर, आजच भेटा".

कंपनीने थेट विकायची पद्धत आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. मर्सिडीज-बेंझने २०२१ पासून आपल्या देशात गाडीचं बिल स्वतःच करायला सुरुवात केली, किंमत देशभर एक, डीलर फक्त गाडी दाखवतो, देतो आणि सर्व्हिस करतो. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये बीकेसीत शोरूम उघडलं, त्यांच्यात तर डीलर हा प्रकारच नाही. पण ह्या गाड्या घेणारे मला पत्र कशाला लिहितील.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, २०२१ च्या पुरात आमची जुनी गाडी पूर्ण पाण्यात गेली होती, क्लेमचा खूप त्रास झाला. आता नवीन घेतेय. शोरूमवाले म्हणतात इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिस्काउंट नाही. ऑनलाइन खूप स्वस्त मिळतोय. कुठून घेऊ आणि काय काय घेऊ? (चिपळूण)

"घ्यावाच लागेल" हे खोटं आहे. इन्शुरन्स कुठूनही घ्यायची मुभा तुम्हाला आहे, विमा नियामक आयआरडीएआयचे नियम तसंच सांगतात, डीलर तुमच्यावर सक्ती करू शकत नाही. फक्त तो डिस्काउंट कमी करेल ही शक्यता खरी आहे, कारण डीलरला गाडीत जेवढं सुटतं त्यापेक्षा इन्शुरन्स, लोन आणि ॲक्सेसरीजमध्ये बरं सुटतं. म्हणून दोन वेगवेगळे आकडे लेखी मागा, तुमचा इन्शुरन्स घेतला तर ऑन-रोड किती आणि नाही घेतला तर किती. मग बाहेरच्या पॉलिसीचा आकडा दुसऱ्यात मिळवा. कधी कधी खरोखर शोरूमचंच स्वस्त पडतं.

पण ताई, चिपळूणच्या माणसाने स्वस्त ह्या एकाच गोष्टीवर पॉलिसी घेऊ नये. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते तुम्ही बघितलंय, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत किती चढलं होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा कितीतरी लोकांना कळलं की साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी इंजिनात गेल्यावर गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन लॉक झालं, तर ते "नंतर झालेलं नुकसान" म्हणून कंपनी हात वर करते. सगळी मेख त्यातच आहे. म्हणून इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन घ्याच. आणि ते घेतलं तरी सुद्धा पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करायची नाही, चावीला हातच लावायचा नाही, बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टो करून न्यायची. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, नेमका कोणीतरी उत्साही पोरगा "बघतो चालू होते का" म्हणून चावी फिरवतो.

झिरो डेप पण घ्या, निदान पहिली काही वर्षं, कारण त्याशिवाय प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे अर्धेच पैसे मिळतात आणि आजकालच्या गाडीत पुढचा मागचा बंपर म्हणजे सगळं प्लास्टिकच. रिटर्न टू इन्व्हॉइस म्हणजे गाडी पूर्ण गेली तर बिलाएवढी रक्कम, नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल तर ह्याचा विचार करा. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, मात्र नवीन गाडीला ३ वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, १ सप्टेंबर २०१८ पासून तो नियम आहे, त्यात निवड नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर १ वर्षाचं घेऊन पुढच्या वर्षी कंपनी बदलता येते.

आयडीव्ही बघायला विसरू नका. ऑनलाइन "सगळ्यात स्वस्त" जी पॉलिसी वर दिसते तिच्यात बऱ्याचदा आयडीव्ही एकदम तळाशी ठेवलेली असते, प्रीमियम कमी दिसतो आणि गाडी वाहून गेली तर हातात पण कमी येतं. दोन कोटेशन तुलना करताना आयडीव्ही एकच ठेवा आणि ॲड-ऑन एकसारखे ठेवा, मगच कोण स्वस्त ते कळेल.

तुमच्या पत्रात लिहिलंय की पुरातल्या गाडीनंतर घरात दुसरी जुनी गाडी आहे आणि ती विकणार आहात, तिला काही वर्षं क्लेम नाही. मग तिचा नो क्लेम बोनस सोडू नका! तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी तुमच्या नावावर असेल तर विकल्यावर विमा कंपनीकडून ह्या बोनसचं (एनसीबीचं) पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या प्रीमियममध्ये लावा, सलग ५ वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत सूट असते, ओन डॅमेजच्या म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. हे शोरूमवाला स्वतःहून कधीच सांगत नाही आणि ब्रोकर पण नाही.

प्रश्न : बांद्याच्या पलीकडे गोव्यात गाडी बरीच स्वस्त पडते म्हणतात, एक एजंट तिकडचा पत्ता दाखवून जीए नंबर करून देतो. आमच्याकडे किती गाड्या अशाच फिरतात. काय होतं? (सावंतवाडी)

फिरतात, मला पण दिसतात. पण कायदा असा की तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता आणि गाडी जिथे ठेवता, त्याच राज्यात नोंदणी करायची. दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी इथे १२ महिन्यांवर ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला टॅक्स भरावा लागतो, मग गोव्याचा भरलेला टॅक्स परत मागत तिकडच्या ऑफिसच्या फेऱ्या मारा. आणि "पत्ता दाखवून" म्हणजे खोटं भाडेपत्र. त्यावर सही तुमची असणार, एजंटची नाही. नको त्यात पडू.

नोकरीत बदल्या होत असतील तर बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा नंबर, बघा, सरकारी नोकर, सैन्यातले लोक, किंवा चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपनीचे नोकर ह्यांना मिळते आणि टॅक्स २ वर्षांचा भरत जाता येतो. पत्रावरून तुमचं दुकान दिसतंय, म्हणजे तुम्हाला नाही मिळणार.

प्रश्न : पुण्याच्या डीलरकडून एका ऑनलाइन कंपनीमार्फत गाडी बुक केलीय, पैसे डीलरलाच दिलेत. ते म्हणतात ड्रायव्हर गाडी घरपोच आणून देईल. चालेल ना? एमएच-०८ नंबर मिळेल का? (गुहागर)

पैसे डीलरला दिलेत, छान. नंबरचं आधी सांगते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे नोंदणी करता येते आणि अर्ज डीलरने करायचा असतो, त्यामुळे पुण्याची गाडी रत्नागिरीच्या नंबरने व्हायला कायद्याची अडचण नाही. फक्त काही डीलर कंटाळा करतात आणि गुपचूप आपल्या सवयीच्या आरटीओचा नंबर टाकून मोकळे होतात, म्हणून बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या.

घरपोच मात्र मला पटत नाही. ताम्हिणीने येवो की कुंभार्ली घाटाने, कोरी गाडी अनोळखी ड्रायव्हर कशी चालवणार ते तुम्हाला दिसणार नाही, आणि वाटेत ओरखडा पडला तर डीलर म्हणणार आमच्याकडून चांगली निघाली, ड्रायव्हर म्हणणार मला अशीच मिळाली. शक्य असेल तर एसटीने पुण्याला जा, दिवसाउजेडी गाडी बघा, आणि नोंदणी व्हायच्या आधी बघा, कारण नंबर पडल्यावर गाडी तुमची झाली, मग "ही नको दुसरी द्या" म्हणता येत नाही. अगदीच जाणं जमत नसेल तर पुण्यातल्या कोणा नातेवाइकाला पाठवा आणि गाडी फ्लॅटबेडवरून मागवा.

बघायचं काय तर चॅसिस नंबर, तो गाडीवर, बिलावर, फॉर्म २२ वर आणि इन्शुरन्सवर एकच हवा. मीटर किती फिरलंय, स्टॉकयार्डातून आणताना थोडं फिरतंच, पण शेकड्यात असेल तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी असू शकते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३५२५ असेल तर २०२५ सालचा ३५ वा आठवडा, गाडी नवीन आणि टायर दीड वर्ष जुने असतील तर गाडी कुठेतरी उभी होती समजा. दरवाजाच्या रबराखाली, बोनेटच्या कडेला, बोल्टच्या डोक्यांवर रंग उडालाय का बघा, रंगाचा फरक सावलीत कळत नाही, उन्हातच बघा. खाली वाकून गंज पण बघा, पावसाळाभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाला तो दिसतो.

आणि नोंदणी, मग ती टेम्पररी का असेना, झाल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात द्यायचीच नाही असा मोटार वाहन नियमच आहे, ४२ नंबरचा. "तुम्ही घेऊन जा, कागद मागून पाठवतो" म्हणाले तर गाडी तिथेच ठेवा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट डीलरनेच लावून द्यायची असते, तिचे वेगळे पैसे मागत असतील तर कोटेशन परत बघा.

गुहागरला अगदी समुद्राजवळ घर असेल तर अंडरबॉडी कोटिंगबद्दल विचाराल, म्हणून सांगून टाकते. शोरूमच्या यादीतली ही एकच गोष्ट मी सरसकट फालतू म्हणणार नाही, खारा वारा खरंच गाडी खातो, पण रेट बाहेर पण विचारा आणि करणाऱ्याला सांगा की दरवाजाखालची पाणी जायची भोकं बुजवू नकोस, नाहीतर पाणी आत साठून आतूनच गंजते, भरपूर वेळा हेच होतं. किनाऱ्यावर फिरून आलात की गोड्या पाण्याने खालून धुवा. वाळूवर गाडी घालून रील काढणाऱ्यांना मी काही सल्ला देत नाही.

प्रश्न : इन्स्टावरच्या एका ब्रोकरला बुकिंग म्हणून २५ हजार पाठवले यूपीआयने. आधी रोज मेसेज करायचा, आता फोनच उचलत नाही. घरी सांगितलेलं नाही. (रत्नागिरी)

हे वाचत असाल तर आधी १९३० ला फोन करा, मग पुढचं वाचा. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवायची शक्यता जास्त. बँकेला पण कळवा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार नंबर जपून ठेवा, चॅट रागाने डिलीट करू नका. आधार पॅन पाठवलं असेल तर येणाऱ्या ओटीपीकडे लक्ष ठेवा, कोणालाही सांगू नका.

तो खरा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि नुसता टोलवत असेल तर रस्ता वेगळा. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक नियम आहेत, त्याप्रमाणे त्यांच्या साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असायलाच हवं, तक्रार मिळाल्याचं त्याने ४८ तासांत कळवायचं आणि एका महिन्यात निकाली काढायची. नाही केलं तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला जायला नको, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे रत्नागिरीतच केस करता येते, २ वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी पण नाही आणि वकील पण सक्तीचा नाही.

घरी सांगा. वडील ओरडतील, पण पोलिसात जाताना सोबत कोणीतरी लागेल ना.

प्रश्न : शोरूममध्ये ऑनलाइन कोटेशन दाखवलं तर सेल्समनला राग येतो, बोलणंच बंद करतो. मग दाखवायचं की नाही? (मालवण)

दाखवायचं, पण पहिल्याच भेटीत फोन त्याच्या नाकासमोर धरून नाही. आधी गाडी बघा, चालवून बघा, त्याच्याकडून आयटमवार कोटेशन घ्या, घरी जा, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात परत जाऊन सेल्समनला नाही तर मॅनेजरला दाखवा, कारण सोडायचा अधिकार सेल्समनकडे फार नसतो. रोख सूट देता येत नाही म्हणाला तर कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मागा, कंपनीचीच, बाहेरच्या कुठल्या संस्थेची नको. गाडी १० लाखांच्या वर जात असेल तर बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गोळा केलेला आयकर, दिसेल, त्यावर भांडू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. आणि दसऱ्याला गाडी दारात हवीच असा हट्ट असेल तर तो शोरूममध्ये बोलून दाखवू नका, मुहूर्त कळला की सूट कमी होते.